पार्टीत बोलणारे कोणीच नसेल तेव्हा खेळ कसा चालवावा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, पात्रे वठवत आणि फासे टाकत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ठरावीक आकड्यांचा संच वापरून पात्र तयार करायचे असेल, तर १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे सहा आकडे सहा गुणांमध्ये वाटावे लागतात आणि त्यांतला ८ कुठे टाकायचा, हा प्रश्न बहुतेक खेळाडू क्षणात सोडवतात. फायटर, बार्बेरियन, रेंजर आणि विझर्ड या वर्गांच्या, म्हणजे पेशांच्या, पात्रांना कॅरिझ्माचा, म्हणजे बोलण्याने छाप पाडण्याच्या गुणाचा, थेट उपयोग नसतो, म्हणून तो आकडा कॅरिझ्माच्या वाट्याला येतो. ज्यांची विद्याच कॅरिझ्मावर चालते असे बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक आणि पॅलाडिन हे वर्ग कोणीच निवडले नाहीत, तर पहिल्याच सेशनला, म्हणजे बैठकीला, खेळ चालवणाऱ्या डीएमपुढे (डंजन मास्टरपुढे) चार असे कागद येतात, ज्यांच्यावर कॅरिझ्मासमोर उणे १ लिहिलेले असते (८ असला की फाशातून १ वजा होतो) आणि पर्सुएशन (मन वळवणे), डिसेप्शन (फसवणे), इंटिमिडेशन (धाक दाखवणे), परफॉर्मन्स (कला सादर करणे) यांपैकी एकही कौशल्य घेतलेले नसते. पुण्यातल्या माझ्या गटात गेल्या मोहिमेत, म्हणजे अनेक सेशन चाललेल्या सलग गोष्टीत, नेमके हेच झाले. पहिली चार-पाच सेशन मी ती पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, चुकीच्या पद्धतीने चालवली आणि नंतर जे बदलले, ते इतर डीएमना उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

आधी आकड्यांचे गणित समजून घ्यावे, कारण चुकीचे मूळ तिथेच असते. मध्यम अवघड कामासाठी नियम डीसी १५ सुचवतात; डीसी म्हणजे यशासाठी फाशाच्या बेरजेने गाठायचा आकडा. उणे १ असलेल्या पात्राला त्यासाठी वीसपैलू फाशावर १६ किंवा त्याहून जास्त पडावे लागतात, म्हणजे यशाची शक्यता २५ टक्के. कॅरिझ्मा १६ असलेल्या आणि पर्सुएशन शिकलेल्या पहिल्या पातळीच्या बार्डला अधिक ५ मिळतात, त्यामुळे त्याची शक्यता ५५ टक्के असते. प्रत्येक संभाषणाला डीसी १५चा फासा मागण्याची सवय डीएमला असेल, तर बार्ड असलेल्या पार्टीत ती सवय खपून जाते; या पार्टीत मात्र चारपैकी तीन संभाषणे फसतात. तिसऱ्या सेशनपर्यंत खेळाडू बोलणेच सोडून देतात आणि दार दिसले की कुऱ्हाड काढतात. मग ही पार्टी मारामारीशिवाय काही करत नाही, अशी तक्रार डीएम करतो. पण बोलण्याची वाट त्यानेच आपल्या डीसीने बंद केलेली असते.

मोहिमेच्या आधीच्या बैठकीत खेळाडूंना एकच प्रश्न विचारावा: तुमच्यापैकी कोणालाच गोड बोलता येत नाही, हे तुम्हाला चालणार आहे का? अनेकदा त्यांना ते चालणारच नव्हे, तर आवडणारही असते. अशा वेळी कोणाला वर्ग बदलायला सांगू नये. डीएमने स्वतःचे एखादे बोलके पात्र पार्टीसोबत पाठवणे तर कटाक्षाने टाळावे, कारण मग डीएम स्वतःशीच बोलत राहतो आणि खेळाडू ऐकत बसतात. भाड्याने घेतलेला दुभाषी किंवा वाटाड्या चालेल. पण त्याची मजुरी आणि त्याचा स्वार्थ या दोन्ही गोष्टी ठरलेल्या असाव्यात.

फासा कधी मागावा

२०१४ च्या डंजन मास्टरच्या मार्गदर्शक पुस्तकात सामाजिक प्रसंगांसाठी एक छोटा तक्ता आहे, ज्याच्याकडे फार कमी डीएम वळून पाहतात. त्यात समोरच्या व्यक्तीची वृत्ती मित्रभावाची, तटस्थ किंवा वैरभावाची, अशी तीन प्रकारची मानली आहे आणि प्रत्येक वृत्तीसाठी डीसी ०, १० आणि २० असे टप्पे दिले आहेत. मित्रभाव असलेली व्यक्ती, स्वतःला काही धोका किंवा झळ नसेल, तर डीसी ०लाच सांगितलेले काम करते. थोडा धोका असेल तर डीसी १० लागतो आणि मोठा धोका असेल तर २०. तटस्थ व्यक्ती डीसी ०ला मदतही करत नाही आणि इजाही करत नाही. बिनधोक कामासाठी तिच्याकडे डीसी १० लागतो. वैर असलेल्या व्यक्तीकडून तेच बिनधोक काम करून घ्यायला डीसी २० लागतो.

हा तक्ता या पार्टीसाठी वरदान आहे, कारण यातला सर्वांत मोठा फरक फाशाने पडत नाही, वृत्तीने पडतो. तटस्थ माणूस मित्र झाला की तेच काम डीसी १०वरून डीसी ०वर येते. म्हणजे दहा अंकांचा फायदा, जो पहिल्या पातळीचा कोणताही बार्ड केवळ कौशल्याच्या बळावर मिळवू शकत नाही. आणि वृत्ती गोड शब्दांपेक्षा कृतीने लवकर बदलते. हरवलेली बकरी शोधून आणणारा रेंजर, पुराने वाहून गेलेल्या साकवाचे ओंडके खांद्यावर वाहणारा बार्बेरियन, तुंबलेल्या पाणचक्कीचे यंत्र उलगडून दाखवणारा विझर्ड या सर्वांना संध्याकाळी त्याच गावात प्रश्न विचारायला फासा लागू नये. मी आता प्रत्येक गावासाठी असे एक-दोन प्रसंग आधीच लिहून ठेवतो, जिथे हातांनी केलेले काम माणसे जोडते.

त्यामुळे फासा मागण्यापूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. मागितलेले काम या व्यक्तीच्या हिताचे आहे का? असेल तर फासा नको. ती होकार देईल. ते तिच्या स्वभावाच्या अगदी विरुद्ध आहे का? असेल तरी फासा नको. ती नकार देईल, आणि का नाही म्हणते तेही सांगेल, म्हणजे पार्टीला दुसरा रस्ता सुचेल. या दोन्हींच्या मधल्या जागेत, खरोखर काही पणाला लागलेले असेल, तेव्हाच फासा टाकावा.

फासा टाकायची वेळ आलीच, तर मदतीचा नियम मोकळेपणाने वापरू द्यावा. दुसऱ्या पात्राने काही उपयुक्त भर घातली की बोलणाऱ्याला अ‍ॅडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरता येतो, आणि उणे १ असतानाही डीसी १५ची शक्यता २५वरून सुमारे ४४ टक्क्यांवर, तर डीसी १०ची ५०वरून ७५ टक्क्यांवर जाते. ‘चौघे मिळून फासा टाका’ ही सूचना मात्र दिसते तितकी उदार नाही. गटाच्या फाशात निम्म्यांनी यश मिळवले की गट यशस्वी ठरतो. पण चौघांचीही शक्यता २५ टक्केच असेल, तर गटाची शक्यता जेमतेम २६ टक्के भरते. डीसी १० असेल तेव्हा तीच पद्धत सुमारे ६९ टक्के देते, म्हणून ती सोप्या प्रसंगांपुरतीच ठेवावी.

तीन ओळींचा माणूस

प्रत्येक महत्त्वाच्या एनपीसीसाठी, म्हणजे डीएम चालवतो त्या पात्रासाठी, मी वहीत तीन ओळी लिहितो: त्याला काय हवे आहे, त्याला कशाची भीती आहे आणि तो काही झाले तरी काय करणार नाही. बोलक्या पार्टीसमोर डीएमला हे वेळेवर सुचले तरी भागते, कारण तिथे संभाषणाची गाडी खेळाडूच ओढतात. अबोल पार्टीसमोर या तीन ओळी नसतील, तर एनपीसी केवळ फाशाची वाट पाहत उभा राहतो.

या ओळी पार्टीला कळाव्यात कशा, याचे उत्तर इनसाइट (समोरच्याचे मन ओळखणे) हे कौशल्य आहे आणि ते कॅरिझ्मावर चालत नाही, विझ्डमवर (शहाणपणावर) चालते. विझ्डम १४ आणि इनसाइटचे शिक्षण असलेल्या रेंजरला पहिल्या पातळीलाच अधिक ४ मिळतात. वर सांगितलेल्या पुस्तकातली पद्धतही अशीच आहे: आधी थोडे संभाषण, मग इनसाइटने समोरच्याचे आदर्श, बंध किंवा उणीव ओळखणे, आणि त्या माहितीच्या आधारे मागणी मांडणे. ज्या पार्टीला बोलता येत नाही तिला ऐकता आणि पाहता येते, आणि डीएमने ऐकण्या-पाहण्याचे फळ भरभरून दिले पाहिजे. इनसाइटच्या यशावर ‘तो खोटे बोलतो आहे’ एवढेच सांगणे म्हणजे हातची संधी घालवणे होय. तो काय करतो आहे, त्याची नजर कुठे जाते आहे, हे सांगावे.

माझ्या मोहिमेतला एक प्रसंग सविस्तर सांगतो. पार्टीला बंद पडलेल्या एका खाणीत उतरायचे होते आणि लोखंडी दाराची किल्ली खाणीच्या कारभाऱ्याकडे होती. त्याच्या तीन ओळी अशा होत्या: खालच्या बोगद्यात राहून गेलेली हिशेबाची वही त्याला हवी होती, उमरावाकडून येणाऱ्या तपासनिसाची त्याला भीती होती, आणि खाणकामगारांचा जीव धोक्यात जाईल असे तो काहीही करणार नव्हता. वृत्ती तटस्थ होती. बार्बेरियनने आत जाताच म्हटले, “किल्ली दे.” पूर्वी मी इथे इंटिमिडेशनचा फासा मागितला असता आणि अपयश आले की पहारेकरी बोलावले असते. या वेळी फासा मागितला नाही. तटस्थ माणूस मदतही करत नाही आणि इजाही करत नाही, म्हणून तो एवढेच म्हणाला, “मी कामात आहे. तुम्ही बाहेर थांबा.”

तेव्हा रेंजर चालवणारी मुलगी म्हणाली की तिचे पात्र काहीच बोलत नाही, कोपऱ्यात उभे राहून त्याच्याकडे पाहत राहते. इनसाइटवर १५ आले. मी सांगितले की कारभारी एकाच रकान्याची बेरीज तिसऱ्यांदा करतो आहे आणि रस्त्यावर गाडीचा आवाज आला की त्याचा हात थांबतो. विझर्डने लगेच विचारले, “हिशेब जुळत नाही का? दाखवता का मला?” विझर्डचा इंटेलिजन्स १६ होता आणि समोरचा माणूस बेरजेने मेटाकुटीला आला होता, त्यामुळे इथेही फासा नव्हता, ही मदत त्याच्या हिताची होती. दोन महिन्यांच्या नोंदी गायब आहेत, हे विझर्डच्या लक्षात आले आणि त्या नोंदींची वही खाली राहिली आहे, हे कारभाऱ्याने स्वतःहून सांगितले. वृत्ती आता मित्रभावाकडे झुकली होती. “वही आम्ही आणतो, किल्ली द्या,” ही मागणी त्याच्या फायद्याची असली, तरी किल्ली परक्यांच्या हाती गेल्याचे कळले असते तर त्याची नोकरी धोक्यात आली असती. थोडा धोका, म्हणजे डीसी १०. जुना सैनिक असलेल्या फायटरने आपली ढाल तारण म्हणून टेबलावर ठेवली, तेव्हा ती मदत धरून मी अ‍ॅडव्हांटेज दिला. फासे ४ आणि ८ पडले. उणे १ धरून ७. अपयश.

अशा अपयशावर दार बंद करू नये. कारभाऱ्याने किल्ली दिली, पण सोबत आपला भाचा पाठवला, हातात कंदील देऊन, आणि त्याला सुखरूप परत आणण्याचे वचन घेतले. पुढचे तीन तास त्या मुलाला जिवंत ठेवण्यात गेले, आणि माझ्या मते त्या मोहिमेतले ते सर्वांत चांगले सेशन होते. अपयशाचा अर्थ ‘नाही’ असा न घेता ‘हो, पण या किमतीला’ असा घेतला की अबोल पार्टीची गोष्ट पुढे सरकत राहते. याच कारणासाठी, मोहिमेला अत्यावश्यक असलेली माहिती एकाच माणसाच्या तोंडी कधी ठेवू नये; ती एखाद्या कागदात आणि एखाद्या जागेतही सापडेल अशी योजना असावी.

कॅरिझ्माशिवाय उघडणारी दारे

कौशल्य आणि गुण यांची नेहमीची जोडी डीएमला बदलता येते, हे खेळाडूंच्या पुस्तकातच सांगितले आहे आणि तिथले प्रसिद्ध उदाहरण स्ट्रेंग्थवर आधारलेल्या इंटिमिडेशनचे आहे. स्ट्रेंग्थ १६ असलेल्या बार्बेरियनने ते कौशल्य घेतले असेल, तर उणे १च्या जागी एकदम अधिक ५ मिळतात. ही सवलत जरूर द्यावी, पण तिची किंमतही ठेवावी: घाबरलेला माणूस समोर काम करतो आणि पाठ वळताच पहाऱ्यावर खबर देतो. याच न्यायाने करारपत्राच्या कलमांवरून वाद घालणाऱ्या विझर्डला इंटेलिजन्सवर पर्सुएशन टाकू द्यावे.

२०१४ च्या नियमांत पात्राच्या पूर्वायुष्याला जोडलेल्या सवलती तर फाशाशिवायच चालतात, आणि त्या विसरल्या जातात याचे मला वाईट वाटते. लोकनायकाला सामान्य गावकरी आसरा देतात, धर्मसेवकाला त्याच्या पंथाच्या मंदिरात उपचार आणि निवारा मिळतो, सैनिकाच्या हुद्द्याला त्याच्या जुन्या सैन्यातले लोक मान देतात, गुन्हेगाराचा एक विश्वासू संपर्क असतो. २०२४ च्या सुधारित नियमांत पूर्वायुष्याच्या या सवलती उरलेल्या नाहीत आणि त्यांच्या जागी फीट, म्हणजे पात्राला मिळणाऱ्या खास क्षमता, आले आहेत. तुमचा गट नव्या नियमांनी खेळत असला, तरी जुन्या सवलती या पार्टीपुरत्या परत आणाव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन.

प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र रेंजरला मिळतो आणि त्यात कॅरिझ्मा लागत नाही. तबेल्यातले घोडे आणि धान्याच्या कोठारातली मांजरे पुष्कळ काही पाहत असतात. विझर्डच्या ‘चार्म पर्सन’ने समोरचा माणूस तासभर मित्रासारखा वागतो, पण मंत्र संपताच आपल्यावर जादू झाली होती, हे त्याला कळते. ज्या गावात परत यायचे आहे, तिथे तो मंत्र वापरण्यापूर्वी ही गोष्ट खेळाडूंना आठवून द्यावी.

अनोळखी टोळ्या किंवा राक्षस भेटतात तेव्हा मी १९८१ च्या बेसिक नियमांमधला प्रतिक्रियेचा फासा वापरतो. त्यात दोन सहापैलू फासे टाकतात: २ आले तर तत्काळ हल्ला, १२ आले तर उत्साहाने मैत्री, आणि ६ ते ८ आले तर समोरचा संभ्रमात असतो. ३६पैकी १६ वेळा हा मधला निकाल येतो आणि लगेच हल्ला होण्याची शक्यता ३६पैकी केवळ एका वेळेची असते. समोरचे चार गॉब्लिन आपल्यासारखेच बिचकलेले आहेत, हे दिसले की अबोल पात्रेही हातातली शिकार पुढे करतात, आणि बोलणी सुरू होतात.

तू, तुम्ही आणि आपण

मराठीत खेळणाऱ्या गटाच्या हाती एक असे साधन आहे, जे इंग्रजी नियमपुस्तकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. एनपीसी पार्टीला कसे संबोधतो, यावरून त्याची वृत्ती आकडा न सांगता कळते. सरदाराचा हुजऱ्या पहिल्या भेटीत “तू कोण रे?” असे विचारतो, दुसऱ्या भेटीत “तुम्ही बसा” म्हणतो आणि पुढे कधीतरी “आपण केव्हा आलात?” असे विचारतो, तेव्हा टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला बदल ऐकू येतो. उलट दिशेचा प्रवासही तितकाच बोलका असतो. “तुम्ही”वरून “तू”वर आलेला कारभारी वैराकडे वळला आहे, हे सांगावे लागत नाही. प्रत्येक एनपीसीच्या तीन ओळींशेजारी मी हे सर्वनामही लिहून ठेवतो.

पात्रांच्या बाजूनेही याचा विचार करावा. राणीसकट सर्वांना “तू” म्हणणारा बार्बेरियन हा त्या खेळाडूने प्रेमाने घडवलेला माणूस असतो, आणि त्याबद्दल डीसी वाढवणे अन्यायाचे आहे. दरबार दचकू द्यावा, प्रधानाने त्याला सुधारावे, राणीला मात्र वर्षांनंतर कोणीतरी सरळ बोलल्याचे बरे वाटावे. मागणी काय आहे, यावरच निकाल ठरावा.

खेळाडू स्वतःच लाजाळू असेल, तर त्याच्याकडून संवाद वदवून घेण्याचा हट्ट धरू नये. “माझे पात्र त्याला पुराची आठवण करून देते आणि बांधाचे काम आम्ही करू असे सांगते,” एवढे तृतीयपुरुषी वाक्य पूर्ण योगदान मानावे. दुसरीकडे, वक्तृत्वात बक्षिसे मिळवलेला खेळाडू कॅरिझ्मा ८ असलेले पात्र घेऊन बसला, की डीएमला पेच पडतो. यावर मी पाळत असलेला नियम असा: काय म्हटले त्यावरून फासा लागेल की नाही आणि डीसी किती हे ठरते, ते समोरच्याला कसे ऐकू आले, हे फासा ठरवतो. खेळाडूच्या आवाजाला आणि शब्दकळेला वेगळे गुण नाहीत. हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाकला, तर लाजाळू आणि बोलका, दोघेही निर्धास्त होतात.

सेशन संपल्यावर पाच मिनिटे काढून, कोणाची वृत्ती कुठे सरकली आणि पार्टीने कोणाला कोणते वचन दिले, याची नोंद करावी. बोलक्या पार्टीला प्रत्येक माणूस नव्याने जिंकता येतो. या पार्टीचे भांडवल म्हणजे तिची जुनी कामे आहेत, आणि डीएमच ती विसरला तर ते भांडवल बुडते.

मोहीम पुढे गेल्यावर एखाद्या खेळाडूला आपल्या पात्राने बोलायला शिकावे असे वाटू शकते. चौथ्या पातळीला मिळणारे दोन गुण कॅरिझ्मावर टाकले, तर ८चे १० होतात आणि उणे १चे शून्य, म्हणजे शक्यता केवळ पाच टक्क्यांनी वाढते. त्याच वेळी ‘स्किल्ड’ हा फीट घेतला, तर तीन कौशल्ये मिळतात आणि प्रत्येकात अधिक २, जे पाचव्या पातळीला अधिक ३ होतात; म्हणून सल्ला मागितला तर मी हा दुसरा मार्ग सांगतो. २०१४ च्या नियमांत दोन साहसांच्या मधल्या काळात नवी भाषाही शिकता येते, त्यासाठी २५० दिवस आणि रोज एक सुवर्णनाणे लागते. खाणीचा प्रसंग संपल्यावर आमच्या बार्बेरियनने ड्वार्फांची भाषा शिकायला घेतली, आणि फायटरच त्याचा शिक्षक होता म्हणून मी नाणी माफ केली, दिवस मात्र पूर्ण मोजून घेतले.